पॉलिशच्या धुळीतली मूलद्रव्यं

मूलद्रव्यं शिकवायची तर सुरुवात हायड्रोजनपासून करायची, हे मी एकतीस वर्षं पाळलं. का, असं कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम. मुलं माझ्यामागे म्हणायची, परीक्षेत लिहायची आणि मे महिन्यात विसरायची. भाईंदर पूर्वेच्या ज्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवलं, तिथल्या तुकड्या एकेक करून बंद होत गेल्या. शेवटच्या वर्षी माझ्यासमोर बावीस मुलं होती आणि त्यातली निम्मी खिडकीबाहेर बघत होती. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि घशात दोन गाठी घेऊन मी घरी आले. डॉक्टर म्हणाले, आवाजाला विश्रांती द्या. मला दुसरं काय हवं होतं?

विश्रांती चार महिने टिकली. आमच्या इमारतीमागच्या गल्लीत एक बुद्धविहार आहे. तिथलं छोटं वाचनालय सांभाळणारे गृहस्थ एका सकाळी घरी आले. पाच बायका सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसताहेत, म्हणाले. भाषा आणि इतिहास ते स्वतः घेणार होते, गणिताला कुणीतरी मिळालं होतं, विज्ञानाला कोणी नव्हतं.

"माझा आवाज बसलाय हो," मी म्हटलं.

"हळू बोला. बायका जवळ बसतील."

नाही म्हणायची कला मला जन्मात जमली नाही. नवऱ्याने आतून ऐकलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला लग्नापासून पाठ आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पहिल्या रविवारी दुपारी मी शाळेतून आणलेला आवर्तसारणीचा जुना तक्ता विहाराच्या भिंतीला लावला. पाच जणी सतरंजीवर बसल्या. त्यातली एक उत्तनची, एका शाळेत आया होती, बस बदलत यायची. बाकीच्या इथल्याच. मी हायड्रोजनपासून सुरुवात केली. दहा मिनिटांत पाचही चेहरे असे झाले की देवळात पोथी चालू आहे आणि प्रसादाला अजून वेळ आहे. मला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

पुढे बसलेली बाई सारखी खोकत होती. चाळिशीची असेल, पण पन्नाशीची दिसायची. माहेर परभणीकडचं, लग्नानंतर भाईंदर. स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात आठ वर्षं कामाला होती. या भागात अशा गाळ्यांच्या रांगा आहेत; आत भांडी दाबतात, घासतात, चकचकीत करतात आणि टेम्पो भरून काशीमीऱ्याच्या गोदामात पाठवतात. पॉलिशच्या मशीनवर पुरुष उभे असतात. मशीनवरून उतरलेलं भांडं लाकडाच्या भुशाने आणि फडक्याने पुसायचं काम बायकांचं. मशीनची धूळ उडते ती पुसणाऱ्या बायकांवर बसते. तिच्या कानाच्या पाळ्यांमागे आणि नखांत एक काळी रेघ होती, रविवारी घासूनही न गेलेली.

तास संपल्यावर मी तिला विचारलं, दहावी कशाला हवी या वयात? विचारायची पद्धत चुकलीच माझी. तिला काही वाटलं नाही.

"शेठ बोलला, दहावीचा कागद आण, तुला टेबलावर घेतो. टेबल म्हंजे बाहेर, बाई. बाहेरच्या खोलीत. आलेला माल, गेलेला माल लिवायचा. दार हाय, पंखा हाय. धूळ न्हाई." खोकला आला म्हणून थांबली. "डॉक्टर बोलला, ती जागा सोड. सोडून जाऊ कुठं? म्हनून कागद."

म्हणजे तिला दहावी हवी होती ती श्वासासाठी. आणि तिच्या वाटेत मी हेलियम आणि बेरिलियम मांडून बसले होते.

दुसऱ्या रविवारी मी तक्त्याला बगल देऊन लोखंडावर आले. म्हटलं, हे तरी यांच्या ओळखीचं असेल. लोखंडाची संज्ञा एफई का, लोखंडाचं इंग्रजी नाव तर वेगळंच, असा प्रश्न उत्तनच्या बाईने विचारला. जुन्या लॅटिन भाषेतून आली, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "लॅटिन आमाला म्हायती हाय, आजीच्या वेळेला चर्चमदी त्याच भाषेत परार्थना व्हायची." तेवढ्यावर तिला एफई कायमचं लक्षात राहिलं. माझ्या एकतीस वर्षांत ते कुणाला इतक्या सहज लक्षात राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग मी लोखंडाचे गुणधर्म सांगायला घेतले. लोखंडाला चुंबक चिकटतो. स्टील हे संमिश्र आहे, त्यात सगळ्यात जास्त लोखंड, म्हणून स्टीललाही चुंबक चिकटतो. शाळेत हे मी इतक्या वेळा बोलले होते की तोंड आपोआप चालत होतं. पिशवीत चुंबक होता. माझा जेवणाचा स्टीलचा डबा काढला आणि ऐटीत त्याला चुंबक लावला.

चुंबक सतरंजीवर पडला.

पुन्हा लावला, पुन्हा पडला. पाच जणींसमोर. मी डबा उलटा केला, झाकणाला लावून पाहिला. पुढची बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली.

"बाई, त्याला न्हाई लागनार. तुमचा डबा चांगला हाय, निकलवाला. लागतो तो हलका माल. शेठ आमाला चुंबक देतो ना, मिक्स माल आला की निवडायला. चिकटला तो ह्या बाजूला, न्हाई चिकटला तो त्या बाजूला." मग तिने माझ्या हातातून चुंबक घेतला. "आता हितं बगा." डब्याच्या कडेला, जिथे पत्रा दुमडून गोल केलेला असतो, तिथे तिने चुंबक टेकवला. अगदी हलकासा धरला त्याने, सोडला तर घसरत खाली आला. "जिथं लई दाबलंय, तिथं थोडा लागतो. का लागतो ते आमाला न्हाई म्हाईत. ते तुमी सांगा."

मला माहीत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी तसं सरळ सांगितलं, मला माहीत नाही म्हणून. वर्गात हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं असेन असं वाटत नाही.

घरी येऊन स्वयंपाकघरातली सगळी भांडी ओट्यावर काढली आणि चुंबक लावत बसले. लग्नातली परात, ताटं, वाट्या, सासूबाईंनी नाव घालून दिलेला तांब्या. काहींना लागला, बऱ्याच भांड्यांना नाही. या भांड्यांत मी जन्मभर जेवले आणि शाळेत जाऊन स्टीलला चुंबक लागतो म्हणून शिकवत राहिले. एकदाही लावून पाहिला नाही. मग जुनी पुस्तकं काढली, भाचीला फोन केला, ती इंजिनिअर आहे. स्टीलमध्ये निकेल पुरेसं असलं की आतली रचना अशी बसते की चुंबक धरत नाही. थंड पत्रा जोराने दाबला की काही ठिकाणी ती रचना बदलते आणि तिथे तो थोडासा धरतो. त्या बाईने जे बोटांनी ओळखलं होतं ते कळायला मला संध्याकाळ गेली. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त थकवा आला. शिकवलेल्या सगळ्या मुलांना आता कुठे शोधायचं आणि काय सांगायचं?

त्यानंतर मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि बायकांना सांगितलं, येताना हाताशी असलेलं काहीतरी घेऊन या. परीक्षेचं सगळं त्यातूनच काढू. उत्तनच्या बाईने खारवायचं जाडं मीठ आणलं. त्यातून सोडियम आणि क्लोरीन निघाले. एक असा धातू की पाण्यात टाकला तर पेट घेतो, दुसरा असा वायू की छातीत गेला तर माणूस मरतो, आणि दोघं मिळून सुरमई टिकवतात. "म्हंजे दोगंही एकटे वायट, लगीन झाल्यावर सुदारले," ती म्हणाली. संयुगाची याहून बरी व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही, पण परीक्षेत ती लिहू नका असं मला बजावून सांगावं लागलं. एकीने नवऱ्याच्या तंबाखूबरोबरची चुन्याची डबी आणली, तो कॅल्शियमचा रविवार झाला. तांब्याच्या पेल्यावरची हिरवी पुटं, ॲल्युमिनियमची कढई, पाण्याच्या टाकीत टाकायची पांढरी पावडर. क्लोरीन तिथेही निघाला आणि सगळ्यांनी जुना पाहुणा आल्यासारखं त्याचं स्वागत केलं.

मी काही फार बदलले वगैरे म्हणणार नाही. नव्याचे नऊ दिवस. रविवारी जेवून पडावं असं वाटायचं तेव्हा उठायचं, जिना उतरायचा, केबिन रोडच्या गर्दीतून हातगाड्या आणि रिक्षा चुकवत विहारात जायचं. दोन तास बोललं की सोमवारी आवाज गायब. नवरा चिठ्ठ्यांवर उत्तरं लिहायला सांगायचा, आणि वर हसायचा. मनात मी रोज ठरवायचे, ही एक परीक्षा झाली की पुन्हा कुणाला हो म्हणायचं नाही.

पुढे बसणाऱ्या पॉलिशवाल्या बाईने एका रविवारी कागदाची पुडी आणली. उघडली तर आत राखाडी धूळ. जिथे ती बसायची तिथल्या खिडकीच्या कठड्यावरून बोटाने गोळा केलेली.

"ह्याच्यात काय काय हाय, ते सांगा."

माझ्यातली मास्तरीण खूश झाली. हेच तर मला हवं होतं! मी फळ्यावर लिहिलं. लोखंड, हे सगळ्यात जास्त. क्रोमियम, याच्यामुळे स्टील गंजत नाही, तो भांड्यावर स्वतःचा अगदी पातळ थर धरून ठेवतो. निकेल, याची तर तुझी ओळख आहेच. चकाकी यावी म्हणून मशीनच्या चाकाला लावतात त्या हिरवट वडीतही क्रोमियमच, ऑक्सिजनबरोबर बसलेलं. बाकी चाकाच्या कापडाचे धागे. संज्ञा लिहिल्या, गुंडाळलेला तक्ता पुन्हा उघडून आवर्तसारणीत क्रोमियम, लोखंड आणि निकेल कसे एकाच ओळीत जवळजवळ राहतात ते दाखवलं. मी रंगात आले होते. आवाजाचंही भान नव्हतं.

तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. मग वही मिटून विचारलं, "मग माज्या छातीत हे तिगं गेलेत का, बाई?"

मी खडू ठेवला. खरं उत्तर होतं, हो. आठ वर्षं रोज गेलेत. पण मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील, तू लवकर टेबलावर जा म्हणजे झालं. उत्तर टाळायची ही युक्तीसुद्धा एकतीस वर्षांची. तिला ते कळलं असणार, कारण तिने पुढे विचारलं नाही. पुडी नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "चला, म्हंजे नावं तरी कळली." घरी जाऊन मी नवऱ्याशी भांडले. कशावरून ते आता आठवत नाही. भांडायला काहीतरी हवं होतं, इतकंच.

त्या दिवसापासून तिला पास करणं हे माझ्या जिवाला लागलं. तोंडी परीक्षेची तयारी करून घेतली, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, संज्ञा विसरली की ओरडले, ओरडल्यावर माझाच घसा धरला. ती कामावर भुसा चोळता चोळता संज्ञा म्हणायची. शेजारच्या बायकांना वाटायचं नामस्मरण चाललंय. चुंबकाच्या बाबतीत मी तिला सांगितलं, पेपरात विचारलं तर पुस्तकात आहे तेच लिही. "म्हंजे खोटं लिवू?" ती म्हणाली. मी म्हटलं, गुण पुस्तकाला मिळतात. हे बोलताना मला माझाच कंटाळा आला, पण मी बोलले.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मे महिन्यात तिच्या मुलाचं गावाकडे लग्न होतं. मला पत्रिका आली, मी गेले नाही. उन्हाळ्यात परभणी माझ्याच्याने झाली नसती. निकाल लागला तेव्हा ती अजून गावालाच होती, वाचनालयाच्या गृहस्थांनी फोन करून सांगितलं. पाचपैकी चार पास. उत्तनची बाई गणितात राहिली. पॉलिशवाली सगळ्या विषयांत पास, आणि विज्ञानात तर सगळ्यात जास्त. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहून रडले. कधी नव्हे ते रडले. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं घसा दुखतोय.

जुलैमध्ये ती पेढे घेऊन घरी आली. बरोबर नवी सून. वीस-एकवीसची, गप्प, बसल्या बसल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. सासू मात्र बदललेली दिसत होती. कानांमागे काळी रेघ नव्हती. जिना चढून आली होती तरी दम लागलेला नव्हता, निदान पूर्वीसारखा नव्हता.

"टेबल मिळालं, बाई! गेल्या म्हयन्यापासून. वही माज्याकडं, शिक्का माज्याकडं. शेठ मला आता ताई बोलतो."

मी तिचा हात धरला. सोडवेना. इतक्या वर्षांत मी शिकवलेल्या मूलद्रव्यांनी कुणाचं काही भलं झालेलं मी डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होते. मी चहा टाकला, नवऱ्याला खाली पाठवून फरसाण आणवलं. सुनेने चहाचा कप घ्यायला हात पुढे केला तेव्हा तिची नखं दिसली.

काळी. कडांपर्यंत काळी. मग मी तिच्या कानांकडे पाहिलं.

"ही कुठे जाते कामाला?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"माज्या जागेवर," सासू म्हणाली. खाली बघून, पण स्पष्ट. "आमच्यात तसंच हाय, बाई. उठायचं तर आपला मानूस बसवून उठायचं. मीबी माज्या जावेच्या जागेवर बसलेली. शेठ बोलला, जागा भर, मग टेबल. न्हाईतर दुसरी कुनी आपला मानूस आनून जागा भरनार, टेबल तिलाच मिळनार. मग मी परत तिथंच."

मला ओरडायचं होतं. तूच ना ती पुडी आणलीस, तूच ना विचारलंस छातीत काय गेलं! पण कुणावर ओरडायचं? तिला एक श्वास मिळाला होता, तो मीच मिळवून दिला होता, आणि त्याची बाकी ही माझ्यासमोर चहा पीत होती.

"तोंडाला फडकं ओलं करून बांधायला लावलंय तिला," सासू म्हणाली. "मला सांगायला कोन न्हवतं. तिला म्हाईत हाय काय उडतं ते."

मी शांत व्हायचा प्रयत्न केला. शिकवणाऱ्या माणसाला एकच उपाय सुचतो, आणि तोच मला सुचला. घसा, गाठी, कुणाला हो म्हणायचं नाही ही शपथ, सगळं बाजूला सारून मी सुनेकडे वळले.

"हे बघ, रविवारी तू विहारात ये. मी विज्ञान घेते, बाकीचे विषयही होतील. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भर. सासूबाईंनी केलं, तूही करशील. मग तुझ्यासाठीही बघू काहीतरी."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने चहाच्या कपाकडे.

"बाई," सून म्हणाली, इतक्या वेळात पहिल्यांदाच, "माझी बारावी झालीये. सायन्स."

माझ्या तोंडातून सवयीने आलं ते एवढंच, "किती टक्के?"

"एकाहत्तर."

विहाराच्या गल्लीतून कुणीतरी भाजीवाला ओरडत गेला. सासूने कप खाली ठेवला, माझ्या बाजूला सरकवला, आणि हळूच म्हणाली, "टेबल एकच होतं, बाई."